मिठाचा कण, मिठाची मूठ

१९६९ साली स्नानसंस्काराचा सुधारित विधी प्रसिद्ध झाला. त्याआधी बालपणी ज्यांचा स्नानसंस्कार झाला, त्यांच्या जिभेवर धर्मगुरूंनी मिठाचे काही कण ठेवले होते. ते कण सुज्ञतेचे आणि नासण्यापासून होणाऱ्या रक्षणाचे चिन्ह होते. आईच्या दुधाखेरीज काही न चाखलेल्या तान्ह्या बाळाला बाहेरच्या जगाची पहिली चव मिळे, ती बहुधा मिठाची. मात्र त्या विधीत मीठ चिमटीतच मावेल एवढे असे. या कणाची पुढे आपल्या स्वयंपाकघरात मूठ कशी झाली, याचा इतिहास आपण तपासून पाहिला पाहिजे. आज रक्तदाबाच्या गोळ्यांची डबी नाही असे घर आपल्या धर्मग्रामांत विरळाच आढळेल.

आपला किनारा हा मिठाचा मुलूख. वसई, भाईंदर, मुलुंड, वडाळा या पट्ट्यात भरतीचे पाणी आगरांत घ्यायचे, ते उन्हाने आटवायचे आणि खाली बसलेले मीठ ओढून त्याच्या राशी घालायच्या, हा उद्योग पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. आगरी समाजाचे नावच या आगरांशी जोडलेले आहे. मीठ असे दाराशी पिकत होते आणि त्याची गरजही तशीच होती. पावसाळ्यात समुद्र खवळला की होड्या किनाऱ्याला लागत आणि नारळी पौर्णिमेपर्यंत ताजी मासळी दुर्मीळ होई. त्या दिवसांची बेगमी उन्हाळ्यातच करावी लागे. बोंबील बांबूंच्या मांडवांवर नुसत्या उन्हात वाळत. पण मोठी, मांसल मासळी खारवल्याशिवाय टिकत नसे. मीठ मांसातले पाणी शोषून घेते आणि पाण्यावाचून कुजवणारे जंतू वाढू शकत नाहीत. कैरीची गोष्टही तीच. ‘लोणचे’ हा शब्दच ‘लवण’ या शब्दापासून आला आहे. उपवासकाळात मांस वर्ज्य असे. तेव्हा सुक्या आणि खाऱ्या मासळीनेच आपल्या पूर्वजांच्या ताटाची लाज राखली. शिवाय दिवसभर शेतात किंवा होडीवर राबणाऱ्या माणसाच्या अंगातून घामावाटे बरेच मीठ निघून जाई. त्या काळाचा खारट घास हा चैनीचा घास नव्हता.

भाषेनेही मिठाची बाजू घेतली. खाल्ल्या मिठाला जागणे हा आपल्याकडे इमानाचा कळस आहे. याउलट ‘अळणी’ म्हणजे खरे तर केवळ मीठ नसलेले. पण तो शब्द बेचव भाजीला, रटाळ भाषणाला आणि नीरस माणसालाही आपण सर्रास लावतो. अळणी रांधणाऱ्या सुनेला काय ऐकावे लागे, हे आपल्या आजींना ठाऊक होते. तेव्हा चार कण अधिकच पडलेले बरे, असा हात घरोघरच्या स्वयंपाकिणींना लागला.

एवढ्या गरजेच्या जिनसेवर इंग्रज सरकारने कर बसवला. १८८२ च्या कायद्याने मीठ तयार करण्यावर सरकारचा ताबा घट्ट झाला आणि १९२३ साली मिठावरील कर दुप्पट करण्यात आला. ६ एप्रिल १९३० रोजी गांधीजींनी दांडीच्या किनाऱ्यावर मूठभर मीठ उचलले, तेव्हा ती मूठ गरिबाच्या हक्काची खूण ठरली. त्याच उन्हाळ्यात वडाळ्याच्या मिठागरांवर आणि शिरोड्यालाही सत्याग्रह झाले. १९४७ साली मिठावरील कर रद्द झाला. मीठ सर्वांना सुलभ झाले, आणि ते योग्यच झाले.

परंतु त्यानंतरच्या काळात आपले जगणे पालटले. बर्फाचे कारखाने निघाले, पुढे घराघरांत फ्रिज आले. शेतातला माणूस लोकलने कचेरीत जाऊ लागला आणि पंख्याखाली बसला. मासळी टिकवण्याची निकड आणि घामाची भरपाई ही मिठाची दोन्ही कारणे मागे पडली. गरज सरली, सवय मात्र उरली. सवयीच्या जोडीला पाव, फरसाण, वेफर्स, सॉसेजेस आणि तयार मसाले यांतले न दिसणारे मीठही येऊन मिळाले.

वैद्यकशास्त्राला या सवयीची किंमत हळूहळू कळत गेली. १९०४ साली अँबार व बोजार या फ्रेंच संशोधकांनी रक्तदाबाचा मिठाशी संबंध दाखवला. १९४० च्या दशकात अमेरिकेत डॉ. वॉल्टर केम्पनर यांनी उच्च रक्तदाबाच्या अत्यवस्थ रुग्णांना अळणी भात आणि फळे एवढ्यावर ठेवले. अनेकांचा रक्तदाब उतरला; मात्र तो एकसुरी आहार दीर्घकाळ पाळणे कठीण होते. १९६० साली लुईस डाल यांनी उत्तर जपानमधील आकिता भागाकडे लक्ष वेधले. तिथल्या लांब हिवाळ्यासाठी भाज्या मिठात मुरवून ठेवत. तिथल्या माणसाच्या पोटात रोज २५ ग्रॅमहून अधिक मीठ जात होते आणि पक्षाघाताने मरणारे फार होते. त्यांचा हिवाळा आणि आपला पावसाळा यांनी शिकवलेला धडा एकच होता. आज जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाच्या सपाट चमच्याहून कमी मीठ सुचवते. भारतातील पाहण्यांत हे प्रमाण ८ ते ११ ग्रॅमच्या आसपास आढळले आहे.

मग हात आखडत का नाही? आमच्या मते याचे कारण असे, की आपण हे पथ्य एकट्या रुग्णावर सोपवतो. वडिलांना रक्तदाब असेल, तर चुलीवर दोन भांडी चढतात. एक सर्वांचे, एक त्यांचे. पंक्तीत बसून ते शेजारच्या ताटाकडे पाहत राहतात आणि महिन्याभरात त्यांचा हात लोणच्याच्या बरणीकडे वळतो.

येथे गांधीजींचीच एक जुनी गोष्ट उपयोगी पडते. दक्षिण आफ्रिकेत असताना कस्तुरबांच्या दुखण्यावर त्यांनी मीठ आणि डाळी सोडण्याचा उपाय सुचवला. तुम्हालाही ते जमणार नाही, असे कस्तुरबा बोलून गेल्या. गांधीजींनी त्याच क्षणी एक वर्षासाठी दोन्ही सोडले. कस्तुरबांना रडू कोसळले, पण पथ्य पाळले गेले. ज्या हाताने पुढे दांडीला मीठ उचलले, त्याच हाताने ते आधी सोडले होते, आणि तेही स्वतःच्या दुखण्यासाठी नव्हे.

फिनलंडने हाच मार्ग राष्ट्रीय पातळीवर धरला. १९७२ साली उत्तर करेलिया प्रांतात हृदयविकार रोखण्याचा प्रकल्प सुरू झाला. त्यात गृहिणींची ‘मार्था’ संघटना उतरली. शुभवर्तमानातील पाहुणचारात गुंतलेल्या मार्थेचेच हे नाव. या गृहिणींनी गावोगावी एकत्र स्वयंपाक करून कमी चरबीचे, कमी मिठाचे जेवण रुचकर होते हे दाखवून दिले. पुढे १९९३ पासून जादा मिठाच्या पदार्थांवर तसे छापणे कायद्याने बंधनकारक झाले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस असलेले सुमारे १२ ग्रॅमचे प्रमाण २००२ च्या सुमारास ९ ग्रॅमवर आले.

आपल्या घरातही हे अशक्य नाही. कालवणातले मीठ दर पंधरवड्याला थोडेथोडे उतरवले, तर काही आठवड्यांत जिभेला तीच चव पुरेशी वाटू लागते. खारी मासळी पाणी बदलत भिजवून घ्यावी. कोकम, चिंच, लिंबू आणि लसूण यांना अधिक काम द्यावे. लोणचे किंवा पापड, दोहोंपैकी एकच पानात असावा आणि मिठाची वाटी मेजावरून उचलावी. जे वापरू ते मीठ आयोडीनयुक्तच असावे. ‘कमी सोडियम’चे मीठ मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

येत्या उपवासकाळात मांसाबरोबर मिठाचाही थोडा त्याग करता येईल. मात्र तो सर्व घराने मिळून करावा. चुलीवर एकच भांडे चढावे आणि आजारी माणसाला त्याच्या ताटासमोर एकटे बसवू नये. मीठ जपण्यासाठी असते हे आपल्याला त्या पहिल्या कणाने सांगितले होते. आता आपल्या माणसांना जपायचे, तर ते पुन्हा चिमटीत आणावे लागेल.