पदव्युत्तर भाषाविज्ञान आणि गोंदिया परिसरातील बोली : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

गोंदिया तालुक्यातील बिरसी हे गाव आज विमानतळामुळे ओळखले जाते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, ब्रिटिशांनी येथे धावपट्टी बांधली. त्याच्या एकच वर्ष आधी, १९३९ मध्ये, पुण्यातील बंद पडलेले डेक्कन कॉलेज पदव्युत्तर व संशोधन संस्था म्हणून पुन्हा सुरू झाले आणि महाराष्ट्रातील भाषाविज्ञानाच्या उच्च अध्ययनाला स्थिर पीठ लाभले. या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध नाही. तथापि, बिरसीसारख्या गावांच्या परिसरात बोलल्या जाणाऱ्या भाषांना या विद्याशाखेत कोणते स्थान मिळाले, हा प्रश्न विचारार्ह आहे.

या परिसराची पहिली शास्त्रीय नोंद विद्यापीठांनी नव्हे, तर प्रशासनाने केली. जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणात जिल्हा अधिकाऱ्यांमार्फत बोलींचे नमुने मागविण्यात आले. गोंदिया तेव्हा मध्य प्रांतातील भंडारा जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. सर्वेक्षणात पोवारी पूर्व हिंदीच्या सहाव्या खंडात (१९०४), मराठी सातव्या खंडात (१९०५) आणि गोंडी चौथ्या खंडात (१९०६) गेली. एकाच आठवडी बाजारात कानावर पडणाऱ्या भाषा अशा रीतीने तीन ग्रंथांत विभागल्या गेल्या. भाषाकुलांनुसार हे वर्गीकरण योग्यच होते. पण शेजारामुळे भाषा एकमेकींना कशा घडवितात, हे त्यातून दिसणे कठीण होते.

डेक्कन कॉलेजमध्ये सु. मं. कत्रे यांच्या नेतृत्वाखाली भाषाविज्ञानाचा पाया घातला गेला. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने तेथे भाषाविज्ञानाची अल्पकालीन शिबिरे भरू लागली. निवेदकाला समोर बसवून त्याची भाषा ध्वनिलिपीत उतरविण्याची पद्धती भारतीय अध्यापकांच्या एका पिढीने तेथे आत्मसात केली. अ. मा. घाटगे यांची मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची मालिका १९६३ पासून प्रसिद्ध होऊ लागली. दक्षिण कानडा येथील कोकणी, कुडाळी, ठाण्याची वारली, कासरगोडची मराठी हे तिचे विषय पाहता भर पश्चिम किनाऱ्याकडे होता, हे लक्षात येते. पूर्व विदर्भाच्या दृष्टीने ही उणीव मोठी होती, असेच म्हणावे लागेल. विदर्भातील काम प्रामुख्याने विदर्भातल्याच अभ्यासकांनी केले. वसंत कृष्ण वऱ्हाडपांडे यांनी नागपुरी बोलीचा भाषाशास्त्रीय अभ्यास केला, तर हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीच्या संशोधनाला आणि साहित्याला वाहून घेतले. पोवारीवरही प्रबंध लिहिले गेले.

मात्र प्रबंध होणे आणि वर्गात शिकविले जाणे यांत अंतर आहे. गोंदियातील महाविद्यालये नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत. मराठीच्या एम. ए. अभ्यासक्रमात भाषाविज्ञान असते. स्वन, स्वनिम, रूपिम या संज्ञा विद्यार्थी पाठ करतो, परंतु उदाहरणे बहुधा प्रमाण मराठीची असतात. वास्तविक ‘काळा’चा ‘कारा’ करणाऱ्या झाडीबोलीत ‘ळ’ या स्वनिमाचे काय झाले, हा प्रश्न त्याच्या घरातच उपस्थित असतो. ‘पोवारी आमरी मायबोली से’ या वाक्यातील ‘से’ हे क्रियापद मराठी ‘आहे’ आणि हिंदी ‘है’ या दोहोंहून वेगळे दिसते. अशा एका वाक्यावर एक तासिका सहज खर्च करता येईल. २०११ च्या जनगणनेत पवारी-पोवारी मातृभाषा सांगणाऱ्या सुमारे सव्वातीन लाख लोकांची गणना हिंदीखाली झाली. मराठी विषय घेऊन एम. ए. करणारा पोवारीभाषक विद्यार्थी त्यामुळे जनगणनेच्या लेखी हिंदीभाषकच ठरतो.

बिरसीची धावपट्टी डिसेंबर २००५ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. पुढे विमानतळाच्या विस्तारामुळे येथील कुटुंबांच्या पुनर्वसनाचा प्रश्न दीर्घकाळ चर्चेत राहिला. जुन्या वस्तीत वाढलेल्या वृद्धांची बोली आणि नव्या ठिकाणी शाळेत जाणाऱ्या त्यांच्या नातवंडांची बोली शेजारी शेजारी ध्वनिमुद्रित करणे, हे गोंदियातील एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला एका सत्रात करता येण्याजोगे काम आहे. त्यासाठी पुण्याला जाण्याची आवश्यकता नाही.