चंद्रभागेचे माहेर

माउली, चंद्रभागेत स्नान करताना हे पाणी कोठून आले, याचा कधी विचार केलात? भीमा उगम पावते भीमाशंकरच्या रानात. आंबेगावच्या आहुपे परिसरातून घोड निघते, जुन्नरच्या कुकडेश्वराकडून कुकडी. कुकडी घोडेला मिळते, घोड भीमेला. आणि तीच भीमा पंढरीत चंद्रकोरीसारखी वळून चंद्रभागा होते.

या उगमांवरचे रान राखले ते महादेव कोळ्यांसारख्या डोंगरी समाजाने. देवाच्या नावाने त्यांनी देवराया सोडल्या. तेथे कुऱ्हाड चालवायची नाही, वाळकी काटकीही घरी न्यायची नाही, हा दंडक. राज्ये बदलली, दंडक पिढ्यान्‌पिढ्या चालला. १९७० नंतर डॉ. वा. द. वर्तक व डॉ. माधव गाडगीळ यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा विद्वानांनीही त्यांचे मोल मांडले. १९८५ मध्ये भीमाशंकर अभयारण्य झाले. शेकरू तेथे आजही नांदतो. याच मुलखाने वाघोबापुढे हात जोडले. जुन्नर तालुक्यातील आळे येथे तर ज्ञानोबारायांनी वेद बोलविलेल्या रेड्याची समाधी आहे. मुक्या जिवाचा मान येथे नवा नाही.

पण आता भक्तीच देवराईच्या मुळावर येऊ पाहते. जीर्णोद्धार म्हणायचा, जुनी झाडे पाडायची आणि सिमेंटचा सभामंडप उभा करायचा! अहो, देवराईतला देव उघड्यावर बसलेला नाही. रान हाच त्याचा गाभारा आहे. तेव्हा वर्गणी देण्याआधी एवढेच विचारा, “झाडे किती जाणार?” एकही जाणार नसेल, तर हात सैल सोडा.

रामकृष्णहरी.