माळवदाखालची घरं

गटाच्या बैठकीत भूकंपाचं नाव निघालं की कुणीतरी हमखास म्हणतं, "दगडाच्या घरांनी माणसं खाल्ली." आम्हीही लहानपणापासून तेच ऐकलं. पण दोष दगडाचा होता का?

आपल्या लातूर-नांदेडकडचं जुनं घर डोळ्यांसमोर आणा. दोन-अडीच फूट रुंद भिंती, आत लाकडी खांब, त्यांवर तुळया, फळ्या आणि वर मातीचं माळवद. घर केवढं, ते खणांवर सांगायचं. भर उन्हाळ्यात आत गारवा. पण ती भिंत दिसायला एक, असायची दोन. बाहेरून दगडांचा एक पदर, आतून दुसरा, मधे चिखल आणि कपच्या. दोन्ही पदर धरून ठेवणारा आरपार जोडदगड क्वचितच असायचा. शिवाय माळवद गळू नये म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर वर नवी माती पडायची. जुनी कोण काढतो? ओझं वाढत गेलं. (त्या मातीच्या पाट्या कुणाच्या डोक्यावरून वर गेल्या, ते तुम्हाला सांगायला नको.)

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक नुकते झोपलेले. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसर हादरला. भिंतींचे पदर सुटले आणि झोपलेल्यांवर दगड-माती आली. कितीतरी घरांत लाकडी सांगाडा तसाच उभा होता, भिंती तेवढ्या गेल्या होत्या. कुडाच्या हलक्या झोपड्यांत मात्र पुष्कळ जण वाचले.

पुढे ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घर केवढं मिळणार, ते जमिनीवर ठरलं : भूमिहीन-अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. भूकंपानं केला नाही एवढा भेद कागदानं केला, असं आम्हाला वाटतं. रस्ते रुंद झाले, पण ओसरीवरून शेजारणीला हाक मारायची सोय गेली.

जी गावं हलली नाहीत, तिथं दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचं काम चाललं. त्यात गावोगावच्या बायका संवाद सहायक झाल्या. माळवदावरची माती कमी करा, भिंतीत जोडदगड घाला, हे त्यांनी घरोघर जाऊन समजावलं.

तुमच्यापैकी कुणी अजून माळवदाखाली राहत असेल, तर पुढच्या बैठकीला येताना वरच्या मातीचा थर मोजून या.