जयपूरची आग आणि ‘मानवी चूक’

अपघातांच्या चौकशी अहवालांत एक शब्दप्रयोग हमखास आढळतो, तो म्हणजे ‘मानवी चूक’. शासकीय सेवेत काही वर्षे काढलेल्या कोणासही ठाऊक असते की हे दोन शब्द टिपणीत उतरले की नस्ती बंद होण्याच्या मार्गाला लागते. दोषी सापडतो, त्याच्यावर कारवाई प्रस्तावित होते आणि यंत्रणा, म्हणजे पोलादाची आणि कागदाची अशी दोन्ही, पूर्ववत चालू राहते. प्रस्तुत लेखात अशा एका अपघाताचा विचार करावयाचा आहे, ज्याच्या बाबतीत हे दोन शब्द खरे असूनही अपुरे आहेत.

सांगानेरी छापाच्या कापडामुळे सांगानेरचे नाव मराठी घरांत अपरिचित नाही. जयपूर शहराच्या दक्षिणेस, या सांगानेरच्या परिसरातच सीतापुरा ही औद्योगिक वसाहत आहे. तेथे इंडियन ऑइल कॉर्पोरेशनचे पेट्रोल, डिझेल व रॉकेल साठविण्याचे मोठे आगार होते. २९ ऑक्टोबर २००९ रोजी सायंकाळी या आगारातून शेजारच्या भारत पेट्रोलियमच्या आगाराकडे नळाने पेट्रोल पाठवावयाचे होते. काम नित्याचे होते. टाकी क्रमांक ४०१-ए हिच्या नळावरील ‘हॅमर ब्लाइंड’ नावाच्या साधनाची स्थिती बदलून मार्ग मोकळा करावयाचा, इतकेच.

हे साधन कसे असते, ते थोडे समजून घेतले पाहिजे. नळ निश्चितपणे बंद राहावा म्हणून त्यात एक भरीव चकती बसवलेली असते आणि प्रवाह सोडावयाचा असेल तेव्हा ती काढून तेथे पोकळ कडे बसवावे लागते. ही अदलाबदल होत असताना साधनाचा वरचा भाग उघडा राहतो. त्या क्षणी टाकीकडचा व्हॉल्व्ह बंद असलाच पाहिजे. तो बंद नसेल तर टाकीतील सारे पेट्रोल बाहेर पडण्यास वाट मोकळी होते. त्या सायंकाळी तो बंद नव्हता. सहाच्या सुमारास पेट्रोलचे कारंजे उसळले. काम करणारा कर्मचारी त्या वाफेने बेशुद्धावस्थेकडे गेला आणि त्याच्या मदतीस धावलेल्या अधिकाऱ्याचीही तीच गत झाली. त्यानंतर सुमारे ७५ मिनिटे तो प्रवाह कोणीही थांबवू शकले नाही. टाकीभोवतालच्या बांधातून पावसाचे पाणी बाहेर सोडणारी वाट उघडी राहिल्याने पेट्रोल गटारांतून आगारभर पसरले. हवा जवळजवळ स्थिर होती. सुमारे एक हजार टन पेट्रोल बाहेर पडल्यावर, साडेसातच्या सुमारास त्या वाफेच्या ढगाने पेट घेतला. किमान ११ जणांचे प्राण गेले, दोन किलोमीटर अंतरापर्यंतच्या इमारतींच्या काचा फुटल्या आणि आगारातील ११ टाक्यांची आग शेवटी जळून संपेपर्यंत तशीच सोडून द्यावी लागली. ती सुमारे ११ दिवस धुमसत होती.

केंद्रीय पेट्रोलियम मंत्रालयाने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष एम. बी. लाल हे हिंदुस्तान पेट्रोलियमचे माजी अध्यक्ष होते. समितीचा अहवाल २०१० च्या आरंभी आला. कामाचा क्रम पाळला गेला नाही, हा निष्कर्ष त्यात अर्थातच आहे. परंतु अहवाल तेथे थांबत नाही, हे त्याचे मोठेपण. टाकीचा मोटारीने चालणारा व्हॉल्व्ह दुरून, नियंत्रण कक्षातून बंद करण्याची सोय मूळ रचनेत होती. ही सोय कित्येक वर्षे निकामी अवस्थेत होती. म्हणजे ज्या प्रसंगासाठी यंत्राचा लांब हात निर्माण केला होता, त्या प्रसंगी माणसाला स्वतः त्या विषारी धुक्यात शिरून व्हॉल्व्ह फिरवणे भाग होते, आणि ते कोणालाही शक्य नव्हते.

यंत्र आणि माणूस यांच्यातील श्रमविभागणीचा शास्त्रीय अभ्यास दुसऱ्या महायुद्धाच्या काळात खऱ्या अर्थाने सुरू झाला. अमेरिकन बी-१७ बॉम्बफेकी विमाने सुखरूप उतरल्यावर वैमानिक फ्लॅप मिटण्याऐवजी चाकेच आत घेत आणि विमान पोटावर बसे. ‘वैमानिकाची चूक’ असे लिहून प्रकरण मिटवता आले असते. अल्फॉन्स चॅपॅनिस या मानसशास्त्रज्ञाने विमानात जाऊन पाहिले, तर दोन्ही खटके शेजारी शेजारी आणि एकसारखे. त्याने एकाच्या टोकास चाकाचा व दुसऱ्याच्या टोकास पाचरीचा आकार देण्याचा उपाय सुचवला; हाताला फरक कळू लागला. त्याच सुमारास ब्रिटनमध्ये नॉर्मन मॅकवर्थ रडारच्या पडद्यावर पाणबुड्यांचा शोध घेणाऱ्या सैनिकांचा प्रश्न हाताळत होता. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रयोगात एका फिरत्या काट्याची क्वचित होणारी दुप्पट उडी ओळखावयाची होती. अर्ध्या तासातच प्रामाणिक माणसांचेही लक्ष उणावू लागले. रात्रपाळीच्या पहारेकऱ्यास निलंबित करणाऱ्या आपल्या खात्यांनी हा प्रयोग अवश्य वाचावा.

या विचारधारेतील सर्वांत मार्मिक निबंध १९८३ चा. लिझान बेनब्रिज या ब्रिटिश विदुषीने ‘आयरनीज ऑफ ऑटोमेशन’ या शीर्षकाखाली जे मांडले, ते असे : आराखडा करणारा अभियंता माणसाला बेभरवशाचा मानून त्याची कामे यंत्राकडे देतो, पण जी कामे यंत्राला जमत नाहीत, ती मात्र त्याच माणसाकडे ठेवतो. ही उरलेली कामे बहुधा सर्वांत कठीण असतात. एरवी हाताला काम नसल्याने कौशल्य गंजते, आणि संकट आले की त्याच गंजलेल्या हाताकडून अचूकतेची अपेक्षा केली जाते.

जयपूरच्या बाबतीत या विरोधाभासाला आणखी एक पदर आहे आणि तो मला आपल्या प्रशासनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा वाटतो. येथे यंत्राने माणसाला निष्क्रिय केले नव्हते. माणसांनीच यंत्राशिवाय काम चालवण्याची सवय करून घेतली होती. दुरून बंद होणारा व्हॉल्व्ह बिघडला, तरी टाक्या भरत होत्या, रिकाम्या होत होत्या, गाड्या सुटत होत्या. उत्पादन देणारे यंत्र बंद पडले तर त्याच दिवशी बोभाटा होतो. संरक्षण देणारे यंत्र बंद पडले तर काहीच घडत नाही. कित्येक वर्षे काहीच घडत नाही. ही शांतताच मग पुराव्यासारखी वापरली जाते.

हा केवळ भारतीय स्वभावदोष आहे, असे मानून घेण्याची घाई परदेशस्थ वाचकांनी करू नये. ११ डिसेंबर २००५ रोजी, म्हणजे जयपूरच्या आधी चारच वर्षे, इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात बन्सफील्ड येथे अशाच पेट्रोलच्या ढगाचा स्फोट झाला. तेथे टाकी क्रमांक ९१२ ची पातळी दाखवणारे यंत्र अडकून पडले होते. नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर पातळी स्थिर दिसत होती आणि टाकी वरून ओसंडत होती. हेच मापक ऑगस्टच्या अखेरपासून १४ वेळा अडकले होते! दर वेळी तात्पुरती सोडवणूक झाली, कारण कोणी शोधले नाही. पातळी अति झाल्यास प्रवाह तोडणारा स्वतंत्र स्विच होता. परंतु त्याच्या तरफेला जे कुलूप लावावे लागते ते लावलेले नव्हते. ते कुलूप चोरट्या हातांपासून रक्षणासाठी नसून स्विच कार्यरत ठेवण्यासाठीच आहे, हे तेथील लोकांना उमगलेले नव्हते. रविवारची पहाट होती म्हणून तेथे कोणी दगावले नाही.

जयपूरचा उल्लेख आला की जंतरमंतर आठवल्याशिवाय राहत नाही, आणि येथे तो विषयांतर ठरू नये. सवाई जयसिंहाच्या पदरी असलेले जगन्नाथ सम्राट हे ज्योतिषी मूळचे महाराष्ट्रीय मानले जातात. जयसिंहाच्या ‘झीज-ए-मुहम्मदशाही’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत, पितळी यंत्रांनी घेतलेले वेध समाधानकारक का येत नाहीत, याची कारणे दिली आहेत : यंत्रे लहान, अंशांचे कलांपर्यंत विभाग नाहीत, आस झिजतो, केंद्र सरकते, यंत्र हलते. वेध घेणाऱ्या पंडितांच्या आळसाचा वा अज्ञानाचा त्यात उल्लेख नाही. म्हणून त्याने चुन्याची आणि दगडाची प्रचंड यंत्रे उभारली. त्यांतील बृहत् सम्राट यंत्र सुमारे २७ मीटर उंच आहे. तेही निर्दोष नव्हे, कारण सूर्यबिंबाच्या विस्तारामुळे सावलीची कड अंधुक पडते. पण चूक आढळली असता प्रथम साधनाकडे पाहावे, ही दृष्टी अठराव्या शतकातील त्या राजाला होती. असो.

तेलाची आगारे महाराष्ट्रातही आहेत. शिवडी आणि माहुल मुंबईकरांना ठाऊक असतात. मनमाडजवळचे पानेवाडी आगार नाशिककरांना. १९९६ च्या रासायनिक अपघातविषयक नियमांनुसार जिल्हा संकट गटाचे अध्यक्षपद जिल्हाधिकाऱ्यांकडे असते. अशा गटांच्या बैठकांत सराव किती झाले, अग्निशमनाचे पाणी किती, रुग्णवाहिका किती, हे विचारले जाते आणि ते विचारलेच पाहिजे. सध्या कोणती सुरक्षा साधने बंद आहेत, कधीपासून आणि कोणाच्या लेखी संमतीने, हा स्तंभ मात्र विवरणपत्रात क्वचितच असतो. तो असता, तर एखाद्या आगाराच्या प्रमुखाला दर तिमाहीस स्वतःच्या स्वाक्षरीने ‘दूरनियंत्रण बंद’ असे लिहावे लागले असते. माणूस तोंडी सांगताना जे सहज सांगतो, ते स्वाक्षरी करताना त्याला जड जाते. प्रशासनाच्या हाती असलेले हे एक जुने आणि स्वस्त साधन आहे.

लाल समितीच्या शिफारशींची यादी दीर्घ आहे. हॅमर ब्लाइंड काढून टाकावेत, वायू ओळखणारे संवेदक बसवावेत, आगाराला दुसरे संकटकालीन द्वार असावे, दूरनियंत्रण कार्यक्षम ठेवावे, असे बरेच काही तीत आहे. एक शिफारस मात्र वाचताना थबकायला होते, इतकी ती साधी आहे : व्हॉल्व्ह चालवण्याचे बटण टाकीभोवतालच्या बांधाच्या आत न ठेवता बांधाबाहेर आणावे. २९ ऑक्टोबरच्या सायंकाळी जे कर्मचारी बांधाच्या अलीकडे उभे राहून पेट्रोल उसळताना पाहत होते, त्यांच्यात आणि त्या बटणात तेवढेच अंतर होते.