कवायत

आमच्या उर्दू शाळेत 'कवाइद' म्हणजे व्याकरण. हाच शब्द मराठीत 'कवायत' होऊन मैदानावर आला. मुळात अर्थ एकच, कायदे. पण नागपुरातील कवायतीबद्दल मुलांना विचारले तर ती १९२५ च्या विजयादशमीला येथे सुरू झालेल्या एकाच संघटनेचे नाव सांगतात. समता सैनिक दल त्यांना ठाऊक नसते. मुलांना काय दोष द्यावा? बी.एड. होईपर्यंत आम्हालाही ते ठाऊक नव्हते.

या दलाचे मूळ १९२७ च्या महाडात आहे. चवदार तळ्याचे पाणी प्यालेल्यांवर २० मार्चला हल्ला झाला, तेव्हा कित्येकांना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. डिसेंबरच्या परिषदेसाठी गावात कोणी जागा देईना. ती फत्तेखान नावाच्या मुसलमानाने दिली. सभा टिकवायच्या तर आपलीच शिस्तबद्ध माणसे हवीत, हे त्या वर्षाने शिकवले. कोकणात महार पेन्शनर शिपाई पुष्कळ होते. १८९० च्या दशकात लष्कराने त्यांची भरती बंद केली, तरी अंगातली परेड कशी जाणार? महार रेजिमेंट पुढे १९४१ मध्ये उभी राहिली.

नागपुरात दल वस्तीवस्तीत रुजले. वसंत मून यांच्या 'वस्ती' या आत्मकथनात सीताबर्डीच्या महारपुऱ्यातले ते दिवस भेटतात. संध्याकाळी पोरे जमत, काठी फिरवत, पावलाला पाऊल लावत. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत हीच पोरे पुढे, आणि सभेत गर्दी सांभाळायलाही हीच. ज्यांनी गावात वाकून, बाजूला सरून चालायचे, त्यांनी भर रस्त्यातून ताठ मानेने ओळीत चालणे, यातच अर्धी लढाई होती असे आम्हाला वाटते. नमाजाच्या सफमध्ये खांद्याला खांदा लावणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

जुलै १९४२ मध्ये मोहन पार्कवर दलित वर्गाची अखिल भारतीय परिषद भरली. तिच्याच जोडीला महिलांची आणि समता सैनिक दलाचीही परिषद झाली. महिला परिषदेच्या अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षेसाठी लाखोंची गर्दी लोटली, तेव्हा ती सांभाळायला दलाचे सैनिकच उभे होते.

मोमिनही विणकर, महारही विणकर. एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर दोन्हीकडची घरे जागी होत. मग एकमेकांचा इतिहास आपल्याला परका कसा राहिला? याचे उत्तर आमच्या पुस्तकांतही नाही आणि, खरे सांगायचे तर, आमच्या घरांतही नाही.

परवा वर्गात हे सांगितले तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, समता म्हणजे?" आम्ही फळ्यावर 'मुसावात' लिहिले. सैनिकासमोर 'सिपाही' लिहिले. दल मात्र उर्दूतही दलच.