सुरतेतील मानवधर्मसभा आणि भुतांची परीक्षा

वसतिगृहातील एक खोली, मध्ये प्लँचेट, भोवती चार-सहा विद्यार्थी, आणि मध्यरात्रीच्या शांततेत कोणीतरी ‘आला’ असे पुटपुटतो. रहस्यकादंबऱ्यांचा हा प्रारंभ मराठी वाचकांच्या चांगल्या परिचयाचा आहे. पुढे लेखक कोणताही असो, अशा कथेत एक अट कधी चुकत नाही : खोलीचे दार लावलेले असते. ते दार उघडले, चार तिऱ्हाईत माणसे आत येऊन बसली, म्हणजे आत्म्याचे बोलणे बहुधा खुंटते. ही साधी गोष्ट पावणेदोनशे वर्षांपूर्वी सुरतेतील काही शाळामास्तरांनी ओळखली होती, आणि त्यांत एक आपला मराठी गृहस्थ होता.

दादोबा पांडुरंग तर्खडकर (1814–1882) हे नाव आपण व्याकरणामुळे ओळखतो. 1836 साली ‘महाराष्ट्र भाषेचे व्याकरण’ प्रसिद्ध करणारे दादोबा पुढे सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिक्षक झाले. तेथे त्यांची गाठ दुर्गाराम मंछाराम मेहताजी या नागर ब्राह्मण शिक्षकाशी पडली. मुंबईत शिक्षण घेऊन आलेले दुर्गाराम गुजराती शाळा चालवीत. 1842 मध्ये त्यांनी पुस्तकप्रसारासाठी मंडळी स्थापून शिळाप्रेसही आणविला होता.

त्या वेळचे सुरत पूर्ववैभवाच्या छायेत राहणारे शहर होते. 1837 च्या एप्रिलात आगीने हजारो घरे गिळली, आणि त्याच वर्षी तापीला मोठा पूर आला. ज्या गावात इतकी अपमृत्यू पावलेली माणसे एकाच वर्षी गेली, तेथे ओसाड वाड्यांतून भुते दिसू लागली असतील तर नवल कसले? घरात ताप हटेना, सुनेला झटके येऊ लागले, की वैद्याआधी भुव्याला बोलावणे जाई. तो पैसा घेई, आणि पुष्कळदा रोगाचे खापर शेजारच्या एखाद्या निराधार विधवेच्या माथी मारून जाई. एकदा डाकण ठरलेल्या बाईला पुन्हा माणसांत येणे कठीणच.

22 जून 1844 रोजी दुर्गाराम, दादोबा आणि त्यांचे स्नेही यांनी सुरतेत मानवधर्मसभा स्थापन केली. पुढारी पाच होते, आणि पाचांचीही नावे ‘द’ने सुरू होत, हा योगायोग सुरतकरांनी गमतीने लक्षात ठेवला. सभा दर रविवारी भरे व तीत कोणालाही येण्यास मोकळीक होती. ईश्वर एक आहे, माणसाची जात एक आहे, जन्मावरून नव्हे तर गुणावरून माणसाची योग्यता ठरवावी, असा तिचा विचार होता. म्हणजे ही नास्तिकांची बैठक नव्हती. या सभेने मांत्रिकांना व जादूगारांना जाहीर आव्हान दिले : भुते वश असल्याचे सांगता, तर ती सर्वांदेखत दाखवा.

या आव्हानाचे महत्त्व त्याच्या रीतीत आहे. मेहताजींना ‘भूत नाही’ एवढेच सांगायचे असते तर एक व्याख्यान पुरले असते, आणि ते ऐकून घरी गेलेला श्रोता अमावास्येला पुन्हा भुव्याकडे गेला असता. त्यांनी सिद्ध करण्याचा भार ज्याचा त्याच्यावर टाकला. शाळेत मुलाने गणिताचे उत्तर सांगितले की रीत फळ्यावर मांड म्हणणाऱ्या शिक्षकाचीच ही सवय. अमेरिकेतील हाईड्सव्हिल गावी फॉक्स भगिनींनी ठकठक आवाजांतून मृतांशी बोलण्याचे प्रकरण 1848 चे, म्हणजे सुरतेच्या आव्हानानंतर चार वर्षांनी घडलेले. ते आवाज पायाच्या सांध्यांनी काढले होते, असे मार्गारेट फॉक्सने 1888 मध्ये चारचौघांत सांगितले. पुढच्या वर्षी तिने ते शब्द मागे घेतले, ही गोष्टही नोंदली पाहिजे.

सुरतेचा विचार गुजरातेत एकाकी राहिला नाही. अहमदाबादेत अलेक्झांडर किनलॉक फॉर्ब्स यांनी 1848 मध्ये स्थापिलेल्या गुजरात व्हर्नाक्युलर सोसायटीच्या स्पर्धेत कवी दलपतराम यांनी ‘भूतनिबंध’ लिहून बक्षीस मिळविले. दलपतराम निष्ठावंत स्वामीनारायणीय होते. देवावरील भक्ती आणि भुतावरील अविश्वास एका हृदयात सुखाने नांदू शकतात, हे त्यांच्याकडे पाहून कळते. देवचार, राखणदार, कौल आणि घाडी यांच्या सहवासात वाढलेल्या आपल्या कोकण-गोव्याकडील वाचकाने हा निबंध अवश्य चाळावा. देवळात सर्वांसमक्ष लागणारा कौल आणि बंद खोलीतील मांत्रिकाचा व्यवहार आपले लोकही एकाच तागडीत तोलत नाहीत.

दादोबा 1846 मध्ये मुंबईस परतले, दुर्गाराम 1852 मध्ये राजकोटास गेले, आणि सभा मालवली. मुंबईत 1849 च्या सुमारास दादोबांच्या प्रेरणेने परमहंससभा उभी राहिली. ती मात्र गुप्त होती! जातिभेद मोडणारे सभासद एकत्र अन्न घेत, पण आपली नावे बाहेर फुटू देत नसत. सुरतेच्या भुतांना ज्यांनी भर सभेत बोलाविले, त्यांना मुंबईच्या जिवंत जातभाईंपुढे उभे राहणे अधिक अवघड वाटले. पुढे सभासदांची नावे बाहेर पडली आणि सभा मोडली.

दुर्गारामांचे टिपण महीपतराम रूपराम यांनी 1879 मध्ये त्यांच्या चरित्रात छापले, म्हणून सुरतेची हकीकत आपल्याला कळते. दादोबांचे आत्मचरित्र उजेडात आणण्याचे श्रेय गोव्याच्या प्रियोळचे अनंत काकबा प्रियोळकर यांचे. त्यांनी ते 1947 मध्ये संपादून प्रसिद्ध केले.

दादोबांचा शेवटचा इंग्रजी ग्रंथ मात्र वेगळ्याच विषयावर आहे. स्वीडनचा इमान्युएल स्वीडनबोर्ग (1688–1772) हा खाणींचा जाणकार शास्त्रज्ञ. 1744 च्या सुमारास त्याला दृष्टान्त होऊ लागले, आणि पुढे आयुष्यभर आपण देवदूतांशी व मृतांच्या आत्म्यांशी बोलतो असे तो लिहीत राहिला. ज्या दादोबांनी तिशीत मांत्रिकांकडे पुरावा मागितला, त्यांनी साठी उलटल्यावर याच स्वीडनबोर्गच्या ग्रंथांवर, एका हिंदू गृहस्थाचे विचार म्हणून, आदरपूर्वक विवेचन लिहिले. ते 1878 मध्ये प्रसिद्ध झाले. दुर्गाराम तोपर्यंत हयात नव्हते. दोन वर्षांपूर्वीच ते निवर्तले होते.