गोल्फच्या खोलीचे छत : आच्छादनाआधी उंची मोजा

गव्हाण (पनवेल) : पावसाळ्याचे चार महिने मैदानावरील सराव बेभरवशाचा होतो. साहजिकच पडदा, प्रोजेक्टर आणि चेंडूचा वेग टिपणारा सेन्सर बसवून घरातच गोल्फ खेळण्याची कल्पना हौशी खेळाडूंना मोह घालते. सिडकोच्या खारघर येथील गोल्फ कोर्समुळे पनवेल परिसराला हा खेळ अपरिचित राहिलेला नाही. अशी खोली सजविताना सारा खर्च पडद्यावर होतो आणि छताचा विचार मात्र पहिला चेंडू वर आदळल्यावर सुचतो.

नियमानुसार गोल्फच्या चेंडूचे वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा अधिक नसते. पण हौशी खेळाडूच्या फटक्यानेही तो ताशी २०० किलोमीटरहून अधिक वेग घेऊ शकतो. साध्या जिप्सम बोर्डाच्या फॉल्स सीलिंगला त्याने सहज भोक पडते. उघड्या काँक्रीटच्या स्लॅबचे फारसे बिघडत नाही. मात्र तेथून उलटलेला चेंडू खेळणाऱ्याच्याच अंगावर येण्याचा धोका असतो.

खरी अडचण उंचीची आहे. राहत्या खोलीसाठी राष्ट्रीय इमारत संहितेने किमान २.७५ मीटर, म्हणजे सुमारे नऊ फूट, उंची सांगितली आहे. ड्रायव्हर हा लांब क्लब मोकळेपणाने फिरविण्यासाठी दहा फूट सोयीचे मानले जातात. गव्हाण-उलवे भागात साडेबारा टक्के योजनेतील भूखंडावर स्वतःचे घर बांधणाऱ्याला स्लॅबची उंची वाढविण्याचा विचार आधीच करता येतो. तयार सदनिका घेणाऱ्याला ती मुभा नसते. त्याने तीन इंची फोम लावला, तर तेवढी उंची कायमची गेली. पायाखालच्या मॅटचा इंच-दीड इंच वेगळाच. म्हणून खरेदीपूर्वी मॅटवर उभे राहून ड्रायव्हर अगदी सावकाश फिरवून पाहावा आणि वर किती जागा उरते ते मोजावे.

छताचे दोन भाग वेगळे समजावेत. डोक्यावरच्या भागाला क्लबचा धोका असतो. तेथे लोंबणारी जाळी नकोच, कारण क्लब तीत अडकतो. घट्ट बसविलेला पातळ, दाट फोम किंवा फेल्ट योग्य. पडद्याजवळच्या तीन-चार फुटांना चेंडूचा धोका असतो. तीन मीटरवरील पडद्याकडे ४५ अंशांत उडालेला वेजचा चेंडू तेथे पोहोचेपर्यंत नऊ फुटी छताला भिडतो. या भागात थोडी सैल सोडलेली नायलॉनची जाळी उत्तम. तिच्या ढिलेपणातच चेंडूचा जोर जिरतो.

स्वस्त पॉलियुरेथेन फोम मात्र टाळावा. तो झपाट्याने पेटतो आणि त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोजन सायनाइड असतात. अमेरिकेतील ऱ्होड आयलंडमध्ये २००३ साली ‘स्टेशन’ नाइट क्लबमधील आग अशाच ध्वनिरोधक फोममुळे भडकली व १०० जणांचा बळी गेला. प्रोजेक्टरच्या उष्णतेखाली आणि वायरिंगला लागून बसणारे साहित्य अग्निरोधक असल्याचे प्रमाणपत्र विक्रेत्याकडून मागून घ्यावे.

खाडीलगतच्या दमट हवेत कार्पेट आणि फेल्ट ओल धरतात, बुरशी येते. वरच्या मजल्यावर गळतीचा डागही त्याखाली दडून राहतो. त्यामुळे सरसकट गोंदाने चिकटविण्यापेक्षा चौकटीवर बसविलेले, काढता येणारे तुकडे बरे. छताचा पंखा काढावा लागतोच. दिवे कडेच्या भिंतींवर घ्यावेत. आच्छादनाचा रंग गडद आणि बिनचकाकीचा असावा, अन्यथा पडद्यावरचे चित्र फिके दिसते.